देवगिरी आणि खुलताबाद: एका दिवसात दोन्ही कसे पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरात मुक्काम आहे, हाती एकच दिवस आहे, सोबत गुडघेदुखीने बेजार झालेल्या अडुसष्ट वर्षांच्या आई आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचा, किल्ला आणि खुलताबाद ही दोन्ही ठिकाणे पाहायची आहेत. आणि गाडीवाला त्याच भाड्यात वेरूळची लेणी, घृष्णेश्वर आणि बीबी का मकबरा ‘करून देतो’ म्हणतो. क्रम कोणता ठेवावा, काय वगळावे आणि आईंना कुठवर नेता येईल, असे आपण विचारले आहे. या भागात वाटाड्या म्हणून माझी पंचवीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीवाल्याचा प्रस्ताव नम्रपणे नाकारावा. वेरूळ खुलताबादपासून चार-पाच किलोमीटरवर आहे हे खरे, परंतु अंतर कमी आहे म्हणून वेळही कमी लागतो असे नाही. एकट्या कैलास लेण्यापुढे दोन तास कसे गेले ते कळत नाही. पाच ठिकाणे एका दिवसात उरकणारी कुटुंबे मी रोज पाहतो. ती किल्ल्याच्या पहिल्या दरवाजापाशी छायाचित्र काढतात, खुलताबादेत गाडीतून न उतरता पुढे जातात आणि लेण्यांत पोहोचतात तेव्हा मुले रडकुंडीला आलेली असतात. वेरूळला स्वतंत्र दिवस द्यावा. लेणी मंगळवारी बंद असतात, म्हणून माझ्या मते किल्ला आणि खुलताबाद यांच्यासाठी मंगळवार हा फार सोयीचा वार आहे, कारण त्या दिवशी गाडीवाल्यालाही वेरूळचा आग्रह धरता येत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी किल्ला आणि मग खुलताबाद, हा क्रम उलटा करू नये. उन्हाचे कारण उघडच आहे, कारण दहानंतर कातळ तापतो आणि वरच्या टप्प्यात सावली नाही. परंतु माझ्या दृष्टीने खरे कारण वेगळे आहे. सकाळी किल्ल्यात ज्या माणसांच्या गोष्टी आपण ऐकता, त्यांतली निम्मी माणसे दुपारी खुलताबादच्या डोंगरावर आपल्याला पुन्हा भेटतात. ही दोन स्थळे निरनिराळी नाहीत. खालचे शहर रिकामे होत गेले आणि वरचे गाव भरत गेले, अशी ती एकच हकीकत आहे, आणि ती खालून वर अशीच सांगता येते.

शहरातून साधारण पंधरा किलोमीटर आल्यावर डावीकडे किल्ल्याचा शंकूसारखा डोंगर दिसू लागतो, आणि थोड्याच वेळात लांबच लांब तट लागतो. हा अंबरकोट, म्हणजे सर्वांत बाहेरची तटबंदी. तिच्या आत महाकोट आणि त्याच्याही आत काळाकोट आहे. काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीतल्या एका मुलीने मला विचारले होते, ‘भिंत एवढी मोठी आहे, तर घरे कुठे आहेत?’ इतक्या वर्षांत मला विचारला गेलेला हा सर्वांत योग्य प्रश्न होय. अंबरकोटाच्या आत आज शेते आहेत, सीताफळाची झाडे आहेत, पडक्या मशिदी, हमामखाने आणि बारवा आहेत, परंतु ज्यांच्यासाठी हा तट उभा राहिला ते लोक नाहीत. आपल्या मुलाला हा प्रश्न आधीच विचारून ठेवावा. दिवसभर त्याचे डोळे उघडे राहतील.

देवगिरी ही यादवांची राजधानी. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने ती वसवली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी अचानक येऊन थडकला तेव्हा रामचंद्रदेव यादवाचे मुख्य सैन्य बाहेर गेले होते, आणि गडावर घाईघाईने चढवलेली धान्याची पोती उघडल्यावर त्यांत मीठ निघाले, ही कथा आपण ऐकली असेलच. कथेतले मीठ बाजूला ठेवले तरी तिच्यातला सांगावा पक्का आहे: हा किल्ला शिड्या लावून कोणी जिंकला नाही, तो उपासमारीने, फितुरीने किंवा तहाने पडला. १६३३ मध्ये मोगलांच्या महाबतखानाने वेढा घातला तेव्हाही आतले धान्य संपत आले आणि किल्ला त्याच्या हवाली झाला. हवाली करणारा होता फत्तेखान, अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर याचा मुलगा. बापाच्या नावाचा तट आणि मुलाची शरणागती, दोन्ही एकाच जागी आहेत.

मधल्या काळात, १३२७ च्या सुमारास, मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केले आणि दिल्लीची माणसे इथे आणली. शाळेत आपण ही गोष्ट एका लहरी सुलतानाचा वेडेपणा म्हणून शिकतो. सगळी दिल्ली ओस पडली असे आता फारसे कोणी अभ्यासक मानत नाही. अमीर-उमराव, मुल्ला-मौलवी, सूफी, त्यांची कुटुंबे आणि त्यांच्यावर पोट असलेले कारागीर असा मोठा लोंढा मात्र खरोखर आला. इब्न बतूता हा प्रवासी थोड्याच वर्षांनी इथे येऊन गेला. त्याने शहराचे तीन भाग सांगितले आहेत: सुलतानाचे आणि लष्कराचे दौलताबाद, कटक नावाचा दुसरा भाग आणि वरचा बालेकिल्ला. किल्ल्याच्या कोठडीत मांजरांहून मोठे उंदीर असून मांजरेच त्यांना भिऊन पळतात, असेही तो लिहितो. दहा वर्षांच्या मुलाला सनावळीऐवजी ही गोष्ट सांगावी.

आता प्रत्यक्ष चालण्याबद्दल. तिकीट घेऊन आत गेल्यावर दरवाजांची एक मालिका लागते. एकाही दरवाजासमोर सरळ रस्ता नाही. प्रत्येक ठिकाणी काटकोनात वळावे लागते आणि वळल्यावर चारही बाजूंनी उंच भिंती असलेल्या चौकात आपण उभे राहतो. दारे फोडायला हत्ती आणला तर त्याला धावत येऊन धडक मारण्याइतकी जागाच मिळू नये आणि चौकात अडकलेल्यांवर वरून मारा करता यावा, हा हेतू होता. फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे मुलाला हात लावून पाहू द्यावेत.

या चौकांपासून पुढे हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि चाँद मिनार इथपर्यंतची वाट हलक्या चढाची आहे. आईंना इथवर सावकाश नेता येते, आणि माझा आग्रह असा की हे आटोपते घ्यावे लागले असे त्यांनी मानू नये, कारण किल्ल्याचा इतिहास सर्वांत दाट आहे तो याच टप्प्यात. हत्ती हौद हा आखीव चौरस हौद. त्याची बाजू सुमारे सत्तेचाळीस मीटर आहे, आणि त्यात आसपासच्या डोंगरांतून खापरी नळांनी पाणी आणलेले होते. समोरच्या चौथऱ्यावर १३१८ मधली जामा मशीद आहे. ती कुत्बुद्दीन मुबारक खलजीने मंदिरांचे खांब वापरून उभारली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९४८ मध्ये तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. यादवकालीन खांब, खलजींची कमान आणि स्वतंत्र भारताची मूर्ती एकाच छताखाली आहेत. लोक मूर्तीला नमस्कार करून परत फिरतात. तसे न करता दहा मिनिटे खांबांमधून फिरावे: ते एका मापाचे नाहीत, एका हाताचेही नाहीत; कुठे नक्षी भरगच्च आहे तर कुठे शेजारचाच खांब साधा आहे, आणि त्यावरून ते एकाच देवळातून आलेले नसावेत हे कोणालाही उमगते. बाहेर चाँद मिनार आहे, बहमनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाने पंधराव्या शतकात बांधलेला, सुमारे दोनशे फूट उंचीचा. वर चढू देत नाहीत. पायथ्याशी सावली असते. आईंना इथे पाण्याची बाटली आणि बसायला काहीतरी देऊन आपण तिघांपैकी दोघांनी पुढे जावे, हे उत्तम.

पुढे चढ सुरू होतो आणि चिनी महाल लागतो. भिंतीवर निळ्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत, म्हणून हे नाव. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला १६८७ मध्ये राज्य गेल्यावर औरंगजेबाने इथे कैदेत ठेवले, आणि तो पुन्हा सुटला नाही. हे नाव लक्षात ठेवावे. चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके घडवलेले आहे. तोफेपेक्षाही तिथून दिसणारा देखावा महत्त्वाचा आहे, कारण तासून उभा केलेला कडा आणि त्याच्या पायथ्याचा खंदक इथून एकत्र नजरेत येतो. डोंगर मुळात असा नव्हता. माणसांनी छिन्नीने त्याचे उतार तोडून भिंतीसारखे उभे केले आहेत. खंदकावर सध्या वापरात असलेल्या पुलाखाली जुना दगडी पूल दिसतो, त्याचा मधला भाग मुद्दाम खोलगट ठेवला आहे. खंदकात पाणी सोडले की तो भाग बुडत असे.

पुलापलीकडे अंधेरी आहे, आणि इथे सर्वांत जास्त माणसे घाबरतात. हा कातळात खोदलेला वळणावळणाचा भुयारी जिना आहे. पायऱ्यांची उंची सारखी नाही, वटवाघळे असतात आणि त्यांच्या विष्ठेचा उग्र वास नाकात भरतो. मी माणसांना आत नेताना एक करतो. पहिल्या वळणानंतर सर्वांना थांबवतो, एक हात भिंतीला लावून उभे राहायला सांगतो आणि विजेरी विझवतो. सुरुवातीला कोणीतरी हसते. मग हसू थांबते, वर कुठेतरी पंखांची फडफड ऐकू येते आणि आपला हात नेमका कुठे आहे याचीही खात्री राहत नाही. शंभरजणांचे सैन्य इथे एकामागे एकच चढू शकत होते, हे त्या अर्ध्या मिनिटात जेवढे कळते तेवढे तासभर बोलून सांगता येत नाही. प्रकाशाकडे धावणारा शत्रू झरोक्यातून थेट खंदकात पडे, असे सगळे वाटाडे सांगतात, मीही सांगतो. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणाची व्यवस्था होती. तिथे आग पेटवून भुयार धुराने भरून टाकता येई. मोबाइलचा प्रकाश पुरत नाही, चांगली विजेरी न्यावी. दमा असलेल्यांनी आणि बंद जागेची भीती असलेल्यांनी इथूनच परतावे. त्यात कमीपणा नाही.

अंधेरीनंतरचा भाग मोकळा आहे, पण दम काढणारा आहे. पायथ्यापासून शिखरापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या भरतात. वाटेत गणपतीचे देऊळ आहे, पुढे मोगलकालीन बारादरी आहे. माथ्याच्या जवळ जनार्दनस्वामींचे स्थान आहे, आणि मराठी माणसाने किल्ला चढण्याचे खरे निमित्त मला हेच वाटते. जनार्दनस्वामी निजामशाहीत या किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि पैठणहून आलेले एकनाथ त्यांच्यापाशी शिष्य म्हणून राहिले. हिशेबातली एका पैची चूक शोधताना एकनाथांनी रात्र जागवली आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही आपल्याकडे घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट इथलीच. सुलतानाच्या चाकरीत असलेला दत्तभक्त किल्लेदार आणि त्याच्या दप्तरात बसलेला भावी संत, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की सोळाव्या शतकाचे दख्खन किती गुंतागुंतीचे होते हे लक्षात येते. एकनाथांचे नावही लक्षात ठेवावे.

चढ-उतार धरून तीन तास लागतात. सकाळी किल्ला उघडताच आत गेलात तर दुपारच्या जेवणापूर्वी खाली याल. माकडांपासून सांभाळावे, खाण्याची पिशवी हातात उघडी धरून चढू नये.

जेवणानंतर घाटाकडे निघावे. रस्त्यात कागजीपुरा हे छोटे गाव लागते. तुघलकाबरोबर आलेल्या कागद करणाऱ्या कारागिरांची ही वस्ती, असे इथली मंडळी सांगतात, आणि हातकागद आजही तिथे तयार होतो. लगदा पाण्यात हलवून चौकटीवर उचलणारा कारागीर पाहायला मिळाला तर अर्धा तास थांबावे. मुलाला हे आवडेल आणि आईंना खुर्ची मिळेल. तिथून घाट चढला की पाच-सहा वळणांनंतर मागे वळून पाहावे. सकाळी ज्याने घाम काढला तो डोंगर एवढासा दिसतो.

खुलताबाद मैदानापेक्षा सुमारे पाचशे फूट उंचावर आहे. याचे जुने नाव रौजा, म्हणजे समाधीची बाग. परंपरा अशी की दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांनी आपले शेकडो शिष्य दख्खनेत पाठवले. शेकड्यांचा हिशेब श्रद्धेचा आहे, पण जर जरी जर बक्ष म्हणून ओळखले जाणारे मुंतजिबुद्दीन, त्यांचे भाऊ बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि बुऱ्हाणुद्दीनांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे इथे आहेत. बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये वारले. त्यांच्या नावावरून तापीकाठचे बुऱ्हाणपूर वसले आणि समोरच्या तीरावरचे जैनाबाद जैनुद्दीनांच्या नावाचे आहे. राजधानी दिल्लीला परत गेली, बहमनींनी १३४७ नंतर आपले बस्तान गुलबर्ग्याला हलवले, पण पुरलेली माणसे हलत नाहीत. त्यांच्याजवळ आपल्यालाही जागा मिळावी म्हणून पुढची तीन-चार शतके राजे, सरदार आणि त्यांच्या बेगमा इथे येत राहिल्या. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी या डोंगरावर देतो.

बुऱ्हाणुद्दीन आणि जैनुद्दीन यांचे दर्गे रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. एकाच्या अंगणात हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक पहिला निजाम आहे. दुसऱ्याच्या अंगणात औरंगजेब. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे आणले. कबर उघडी आहे, वर घुमट नाही, मधोमध मातीत सबजाचे रोप असते. संगमरवरी जाळी फार पुढे निजामाच्या काळात बसवली गेली. मरणोत्तर त्याला ‘खुल्द-मकान’ म्हणत, त्यावरून रौजाचे खुलताबाद झाले. या जागेविषयी आपल्या मनात काय असेल ते मी सांगायचे कारण नाही. मी एवढेच सांगतो की इथे घोषणा किंवा वाद करू नये, बंदोबस्तावरच्या पोलिसांनी विचारल्यास ओळखपत्र दाखवावे आणि पाहून शांतपणे बाहेर पडावे. ज्याने पंचवीस वर्षे दख्खन जिंकण्यात घालवली त्याला दख्खनच्याच मातीत एवढीशी जागा लागली, हे पाहायला मराठी माणसाने जरूर यावे असे मला वाटते.

आणि चिनी महालातला कैदी? तानाशहाही याच गावात पुरला आहे. कैद करणारा आणि कैदी यांच्या कबरींमध्ये चालत जाण्याइतकेच अंतर आहे. त्याच्याकडे कोणी जात नाही. गावाच्या वायव्येला मलिक अंबरची घुमटाची कबर आहे, ती मात्र चुकवू नये. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा पेशवा झाला, मोगलांना दोन तपे झुंजवत राहिला आणि १६२६ मध्ये वारला. ज्या खडकी गावात त्याने नवे शहर वसवले, तेच आज आपल्या मुक्कामाचे शहर आहे. परिसर बहुधा निवांत असतो, आणि दिवसभरात पहिल्यांदा आपल्याला फक्त वारा ऐकू येतो.

दर्ग्यांत जाताना डोके झाकावे आणि पादत्राणे बाहेर ठेवावीत. काही ठिकाणी स्त्रियांनी उंबऱ्याबाहेरून दर्शन घेण्याची रीत आहे, म्हणून आईंना घेऊन आत शिरण्यापूर्वी तिथल्या खादिमांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवकांना, विचारावे. ते सौजन्याने सांगतात. पैशांचा आग्रह झाला तर हात जोडून पुढे जावे.

त्यानंतर भद्रा मारुती. इथला मारुती उभा नाही, पहुडलेला आहे. भद्रसेन राजाचे रामभजन ऐकता ऐकता तो भावसमाधीत गेला, अशी कथा आहे. आईंना किल्ल्यात जे चढता आले नाही त्याची भरपाई इथे होते, कारण दर्शनाला चढ नाही. शनिवारी, विशेषतः श्रावणातल्या शनिवारी, आणि हनुमान जयंतीला इथे येण्याचा विचार सोडून द्यावा. आदल्या रात्रीपासून लोक शहरातून पायी येतात आणि रस्ता माणसांनी भरून जातो. अर्थात ती गर्दीच पाहायची असेल तर गोष्ट वेगळी. दर्ग्याच्या उरुसातही असेच असते, फक्त तेव्हा खाजा मिळतो.

ऊन उतरायला लागल्यावर, साडेचारच्या सुमारास, सुलिभंजनला जावे. खुलताबादहून ते जवळ आहे आणि गाडी दत्तमंदिरापर्यंत जाते. जनार्दनस्वामींच्या सांगण्यावरून एकनाथांनी इथे तप केले, अशी श्रद्धा आहे. तिथे एक मोठा दगड आहे; त्यावर छोट्या दगडाने ठोकले की घंटेसारखा नाद येतो, आणि आपला मुलगा तो सोडायला तयार होणार नाही.

परतीला मात्र अंधाराची वाट पाहू नये. अंबरकोटाच्या दिल्ली दरवाजातून वाहतूक जाते, आणि तो मोटारींसाठी बांधलेला नाही. एक ट्रक अडकला की दोन्ही बाजूंना रांग लागते. सहाच्या आत तो दरवाजा ओलांडावा. दिवाळीच्या आसपास येत असाल तर दरवाजापलीकडे टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून सीताफळे घ्यावीत, दोन पिकलेली आणि बाकीची डोळे उघडू लागलेली, म्हणजे घरी पोहोचेपर्यंत ती तयार होतात.